युक्तिवाद बरोबर आहे

वेस्ट मांबलम, चेन्नई
१० जून २००३

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे. त्यामुळे तरी माझ्या हातून मराठी लिहिलं जातं. नाहीतर कारखान्यात इंग्रजी, बाजारात मोडकंतोडकं तमिळ आणि घरी रेवाशी लागेल तेवढंच बोलणं. ती बरी आहे. उन्हाने मात्र जीव नकोसा केलाय. पाणी एक दिवसाआड येतं आणि तळमजल्यावरच्या तमिळ शेजारीण मामी सगळ्यांच्या आधी घागरी लावून बसलेल्या असतात.

आज लिहितोय ते एका कामासाठी. कारखान्यातल्या एका प्रकरणात मला चौकशी अधिकारी नेमलंय. प्रकरण गोपनीय, त्यामुळे काय झालं ते तुलाही सांगता येत नाही. एवढंच सांगतो की एक माणूस मेला आहे आणि दुसऱ्या एका माणसाची बावीस वर्षांची नोकरी माझ्या अहवालावर टांगलेली आहे. तो म्हणतो, मी चुकलो नाही. माझा तर्क म्हणतो, तो चुकला. माणूस सज्जन आहे, म्हणून मला खात्री हवी आहे की माझ्या तर्कात कुठे भोक नाही.

तेव्हा बारावीच्या सुट्टीत तू मला करायला लावायचीस तेच केलंय. शब्द काढले आणि अक्षरं घातली.

जर प, तर फ.
फ नाही.
म्हणून प नाही.
प नाही, तर एकतर ब किंवा भ.
ब असेल तर म. भ असेल तरी म.
म्हणून म.

पहिल्या विधानाबद्दल इथे कोणाचंही दुमत नाही. फ नाही, हे तर पंचवीस माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. तू फक्त साचा तपास. अहवाल महिनाअखेरीला द्यायचा आहे, कार्डावर चार ओळी आल्या तरी पुरे.

तुझा,
उपेंद्र

*

कराड
१६ जून २००३

चि. उपेंद्र,
आशीर्वाद.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. इतक्या दिवसांत शेंगा सोलण्यापलीकडचं काम मला कोणी दिलं नव्हतं, ते तू दिलंस. तुझं कोडं दोन मिनिटांत सुटलं आणि मग नुसत्या हौसेपोटी दिवसभर मी ते पुन्हा पुन्हा सोडवलं.

युक्तिवाद बरोबर आहे. उत्तरांग फ नाकारलं की पूर्वांग प नाकारावंच लागतं, त्यातून ब्रह्मदेवाचीही सुटका नाही. मुलं चुकतात ती उलट्या बाजूने. ‘फ आहे, म्हणून प आहे’ असं ठोकून देतात. तू तसं केलं नाहीस. पुढची उभयापत्तीही चोख आहे, दोन्ही वाटा एकाच गावाला जातात.

विधानं खरी की खोटी ते बघणं तुझं काम, तर्कशास्त्र तिथे नाक खुपसत नाही. पण माणूस सज्जन आहे म्हणून निष्कर्ष बदलत नसतो. तुझा बाप असाच हळवा होता आणि जन्मभर लोकांनी त्याच्या डोक्यावर मिरी वाटली. सही कर. हात थरथरू देऊ नकोस.

कार्डावर जागा उरली आहे म्हणून लिहिते. रेवाला सांग, तिकडचा सांबार मसाला पावशेर धाड म्हणावं.

शशिकलाआत्या

*

वेस्ट मांबलम
६ जुलै २००३

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

अहवाल गेला, निकालही लागला. कबुलीजबाब होता, म्हणून सगळं लवकर आटोपलं. आता तुला सांगायला हरकत नाही.

आमच्याकडे पत्रा दाबून आकार देणारी एक मोठी प्रेस आहे. तिच्या पोटात कोणाला हात घालायचा असेल तर आधी इलेक्ट्रिशियनने मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, असा नियम. १४ मे रोजी नारायणस्वामी नावाचा फिटर आत वाकून साचा साफ करत होता आणि प्रेस खाली आली. इस्पितळात संध्याकाळपर्यंत टिकला.

इलेक्ट्रिशियन होता सेतुमाधवराव. तंजावरकडचा जुना मराठी, सैदापेठेत राहतो. आख्ख्या कारखान्यात माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच, तेही आपल्या पणजोबांसारखं. तो म्हणत होता, कुलूप मी घातलं होतं. नारायणस्वामीला सोडवायचं तर प्रेस वर उचलायला वीज हवी, म्हणून धावत जाऊन मीच ते काढलं. पण कुलूप लावलेलं कोणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं ते त्याला हातात किल्ली घेऊन स्विचपाशी उभं असलेलं.

आता तुझ्या अक्षरांत शब्द भर. कुलूप असेल तर प्रेस जागची हलणार नाही. प्रेस हलली. म्हणून कुलूप नव्हतं. नव्हतं, तर एकतर तो लावायला विसरला किंवा काम संपण्याआधी काढून बसला. दोन्हीकडून दोषी.

चौकशीत मी त्याला अकरा वेळा विचारलं. अकराही वेळा एकच उत्तर: “घातलें होतें, सार. सत्य सांगतों.” इंग्रजी अहवाल त्याला नीट कळेना, तेव्हा मी तुझं कार्ड काढून वाचून दाखवलं. अक्षरांचा अर्थ एकेक करून समजावला.

“तुमच्या अत्तै कालेजांत शिकवीत होत्या?” त्याने विचारलं.

“तीस वर्षं,” मी म्हणालो.

“पुन्हां एक वेळ वाचा, सार.”

मी पुन्हा वाचलं. तो बोटाने टेबलावर प, फ गिरवत राहिला. कपाळावरचा घामही पुसला नाही. मग म्हणाला, “तर मग मी घातलें नसेन.” आणि कबुलीवर सही केली. जाताना हात जोडून कार्ड मागून घेतलं. मी दिलं.

बडतर्फीचा हुकूम परवा निघाला. वाईट वाटतं, पण मनावरचा दगड उतरला हेही खरं. मसाला रेवा पाठवते आहे.

तुझा,
उपेंद्र

*

सैदापेठ, चेन्नई
२० ऑगस्ट २००३

शशिकलाबाई यांचे चरणीं जयवंतीचा नमस्कार.

मी सेतुमाधवरावांची मुलगी. आमची मराठी तंजावरची, तुम्हांस हसूं येईल. अक्षरें आप्पांनींच शिकविलीं. तुमच्या कार्डावरचा पत्ता पाहून लिहितें. तें कार्ड आप्पा सट्टैच्या, म्हणजे सदऱ्याच्या, खिशांत ठेवितात. धुवावयास सट्टै मागितली तर कार्ड काढून घेऊन मगच देतात.

अपघात जाहला त्या दिवशीं आप्पा घरीं येऊन अम्मापाशीं रडले. पण एक गोष्ट खंबीरपणें बोलले, “कुलूप मी घातलें होतें. किल्ली माझ्या खिशांत होती, मांडीला टोंचत होती.” सारे लोक विरुद्ध गेले तरी तेंच बोलत राहिले. तुमचें कार्ड आलें आणि तें बोलणें बंद जाहलें.

आतां रोज सकाळीं वर्तमानपत्राच्या कडेला प, फ, ब, भ लिहितात. भोंक कोठें आहे तें शोधितात. सांपडत नाहीं. मग म्हणतात, “इतक्या शिकलेल्या बाई लिहितात तर मी घातलेंच नसेन. मला आठवतें तें खोटें असेल.” दर शुक्रवारीं नारायणस्वामींच्या घरीं जाऊन उंबऱ्याशीं बसतात आणि “मी मारिलें” असें सांगतात. त्यांच्या बायकोनें दोन वेळां हांकून दिलें. आतां ती पाणी देते.

तुम्ही वडील आहां, रागावूं नका. मला एकच विचारावयाचें आहे. तुमचा तर्क बरोबर आणि माझे आप्पाही बरोबर, असें दोन्ही असूं शकतें काय? आप्पांना विचारावयाचें धैर्य होत नाहीं.

जयवंती

*

कराड
२९ ऑगस्ट २००३

उपेंद्र,

सोबत सेतुमाधवरावांच्या मुलीच्या पत्राची नक्कल आहे. आधी ते वाच आणि मग पुढे वाच.

वाचलंस? तिने जो प्रश्न विचारलाय तो तीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही पोराने विचारला नाही. मीही त्यांना कधी विचारायला लावला नाही. उत्तर एका ओळीचं आहे. हो, दोन्ही बरोबर असू शकतात, पहिलं विधान खोटं असेल तर.

कुलूप असतानाही प्रेस हलू शकते का? तू स्वतः जाऊन पाहिलंस का? तुझं पहिलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. ‘कोणाचंही दुमत नाही’ असं त्यात आहे. ‘मी तपासलं’ असं कुठेही नाही.

हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. कार्डावर जागाही होती. तिथे मी सांबार मसाला मागितला. माणूस मेलाय, दुसऱ्याची नोकरी जातेय, एवढं तू स्पष्ट लिहिलं होतंस आणि मी बाई कोडं सुटल्याच्या आनंदात होते. रात्रंदिवस मला तेच डाचतंय.

उलट टपाली लिही.

आत्या

*

कराड
१८ सप्टेंबर २००३

उपेंद्र,

तीन आठवडे झाले. मसाल्याचा डबा आत्ता कुठे आला, त्यात रेवाची चिठ्ठी होती, तुझी नव्हती. तिला सातवा महिना लागल्याचं तिने लिहिलंय. हे सांगायलाही तुला सवड झाली नाही?

तुझ्या गप्प बसण्यावरून मी काही अनुमान काढत नाही. अनुमानं काढून झाली माझी. काय ते तूच तुझ्या हाताने लिही.

आत्या

*

वेस्ट मांबलम
२७ सप्टेंबर २००३

ती. आत्या,

चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा कागद फाडला. आता सरळ लिहितो.

मार्चअखेरीला आमचं उत्पादनाचं लक्ष्य अपुरं होतं आणि नेमका प्रेसचा मेन पॅनेल बिघडला. काम थांबू नये म्हणून शेजारच्या शेडच्या पॅनेलवरून प्रेसला एक जादा केबल ओढली. तात्पुरती. त्या परवानगीच्या चिठ्ठीवर सही माझी आहे. पॅनेल दुरुस्त झाल्यावर केबल काढायची होती. फोरमन म्हणाला, काढली. मी बरं म्हटलं.

चौकशीच्या वेळी ती आठवली नाही, असं मी इतर कोणालाही सांगेन. तुला नाही सांगणार. आठवली होती. फोरमनला पुन्हा विचारलं, तो पुन्हा म्हणाला, काढली साहेब. खुर्चीतून उठून चाळीस पावलं जायचं होतं. गेलो नाही. गेलो असतो आणि ती तिथे असती तर? म्हणून मी अक्षरं केली. अक्षरांत केबल दिसत नाही. तू ‘बरोबर’ म्हणालीस आणि मला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच नंतर भीती वाटली.

तुला निकालाचं पत्र टाकलं आणि तीन दिवसांनी जाऊन पाहिलं. केबल होती. वरून भिंतीचा रंगसुद्धा मारला होता. म्हणजे मेन स्विचला दहा कुलपं घातली असती तरी शेजारून वीज येतच होती. सेतुमाधवरावाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मार्च-एप्रिल दोन महिने तो कारखान्याच्या दुसऱ्या टोकाच्या शेडमध्ये होता.

पुढच्या रविवारी बाहेरची दोन माणसं आणून मी ती केबल काढून टाकली.

ऑगस्टमध्ये युनियनने ओरड केली म्हणून वरून समिती आली. त्यांनी स्विचला कुलूप घातलं आणि सात वेळा बटण दाबलं. प्रेस हलली नाही. त्यांनी तसं लिहून दिलं. आत्या, आता पहिलं विधान खरं आहे. कोणीही केव्हाही येऊन तपासावं, खरंच निघेल.

नारायणस्वामी परत येणार नाही. मी बोललो तर माझी नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल, आणि रेवाची अवस्था तुला माहीत आहे. तू विचारलंस म्हणून लिहिलं. वाचून हे पत्र फाडून टाक.

उपेंद्र

*

कराड
४ ऑक्टोबर २००३

उपेंद्र,

पत्र फाडलं नाही. आज सकाळी पोस्ट उघडताच ते रजिस्टरने तुमच्या सर्वांत वरच्या साहेबांच्या नावे टाकलं. एक नक्कल जयवंतीला पाठवली, सोबत खाली तुला लिहिलंय तेच तिलाही लिहिलं. तुझं हे मात्र स्पीड पोस्टाने येतंय, म्हणजे ते पोचायच्या दोन दिवस आधी तुझ्या हातात पडेल. ते दोन दिवस मी तुला देते आहे. त्या माणसाच्या दारात आपल्या पायांनी जा, आणि नंतर साहेबांकडेही आपल्या पायांनी जा. पकडून नेलेला भाचा मला नको आहे.

तू लहान असताना तुझी आई गेली. तुला भात कालवून मी भरवलाय, ते काही मी विसरले नाही. पत्र खिडकीतल्या माणसाने दोनदा मागितल्यावर माझ्या हातून सुटलं. मला तुझी लाज वाटते आणि तितकीच माझी वाटते. रेवाला बाळंतपणाला इकडे पाठव. तिला आणि बाळाला काही कमी पडू देणार नाही.

आता एक नीट ध्यानात घे, पुन्हा घोटाळा नको. केबल होती, एवढ्यावरून सेतुमाधवरावांनी कुलूप घातलं होतं हे सिद्ध होत नाही. केबल होती म्हणून आपला युक्तिवाद पडतो, त्यापलीकडे काही नाही. कुलूप होतं की नव्हतं हे तर्काने कोणालाच काढता यायचं नाही. ते ठाऊक आहे फक्त त्यांना. तेव्हा या खेपेला त्यांना बोलू द्या आणि ते सांगतील ते लिहून घ्या.

आत्या

*

सैदापेठ
२४ नोव्हेंबर २००३

शशिकलाबाई यांचे चरणीं नमस्कार.

तुमचें पत्र आणि नक्कल पावली. उत्तरास उशीर जाहला, क्षमा करावी. सारें संपल्यावर लिहावें असें ठरविलें होतें.

तुमचे उपेंद्र सार गेल्या महिन्याच्या सात तारखेस घरीं आले. दारांतच उभे राहून सारें सांगितलें. आप्पांनीं त्यांस खुर्ची दिली. अम्मानें काप्पी ठेविली, ती त्यांनीं घेतली नाहीं. मग ते साहेबांकडे गेले. आतां त्यांस कामावरून दूर केलें आहे, खटला चालेल असें म्हणतात. मला त्यांचा राग आहे. तुमचाही होता. तुम्ही पोटच्यासारख्या भाच्याचें पत्र पाठविलेंत, त्यानंतर तुमच्यावर कसें रागवावें तें कळत नाहीं.

गेल्या मंगळवारीं नवी चौकशी जाहली. अधिकारी वेंकटरमण नांवाचे, चांगले मनुष्य. मला आंत बसूं दिलें. नारायणस्वामींची बायकोही आली होती. वेंकटरमण सारांनीं आप्पांना तमिळांत सावकाश सांगितलें, “केबल होती हें सिद्ध जाहलें. कबुली तुमच्याकडून चुकीच्या माहितीवर घेतली, ती मी रद्द धरितों. आतां तुमचा एक शब्द पाहिजे. त्या दिवशीं कुलूप घातलें होतें काय?”

आप्पांचा हात सट्टैच्या खिशावर गेला. साहेबांनीं जुना कागद काढून आप्पांचीं अकरा उत्तरें एकामागून एक वाचून दाखविलीं. घातलें होतें, सार. घातलें होतें, सार. आप्पा दुसऱ्या कोणाचें ऐकावें तसें ऐकत होते.

मग म्हणाले, “सार, मला आतां दोन्ही दिसतें. घातलेलें दिसतें आणि न घातलेलेंही दिसतें. तीन महिने बसून मी न घातलेलेंच पाहत होतों. आतां तेंच जास्त स्वच्छ दिसतें.”

“किल्ली मांडीला टोंचत होती असें तुम्ही घरीं सांगितलें होतें ना?” साहेबांनीं विचारिलें. हें मींच त्यांना कळविलें होतें.

“जयवंती सांगते तसें. मीं सांगितलें असेन.”

मला राहवलें नाहीं. मी ओरडलें, “आप्पा, हो म्हणा!” नारायणस्वामींची बायकोही रडत म्हणाली, “सोल्लुंगो अण्णा,” म्हणजे सांगा ना. साहेबांनीं तिला थांबविलें नाहीं. त्यांनीं लेखणी उचलून धरिली होती.

आप्पांनीं तिच्याकडे पाहिलें, मग माझ्याकडे. म्हणाले, “एक वेळ ठाऊक नसतां सही केली. पुन्हां करणार नाहीं. मला ठाऊक नाहीं, सार.”

साहेबांनीं तेंच लिहून घेतलें. शंकेचा फायदा देऊन नोकरी परत दिली आहे, विजेच्या कामावर नाहीं, भांडारांत. लोक घरीं येऊन आप्पांचें अभिनंदन करितात.

तुम्ही लिहिलेंत कीं तें ठाऊक असलेला मनुष्य एकच. तुम्हांस खोटें लिहूं नये म्हणून लिहितें, शशिकलाबाई, आतां तें कोणालाच ठाऊक नाहीं.

जयवंती